हीलरला दमवू नका, निवायला शिकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १४ महिन्यांचा निळा हीलर, म्हणजे ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग, नर. रोज दोन तास पळवूनही घरात स्वस्थ बसत नाही. रस्त्यावर सायकल, धावणारा माणूस किंवा दुसरा कुत्रा दिसला की पट्ट्याला झोंबत भुंकतो. घरात नऊ आणि सहा वर्षांची मुलं आहेत. ती पळाली की त्यांच्या टाचा पकडतो, आणि गेल्या आठवड्यात धाकटीच्या पोटरीवर दात उमटले. एका प्रशिक्षकाने काटेरी पट्टा सुचवला आहे. आता व्यायाम वाढवू का, तो पट्टा घेऊ का, आणि सोबतीला दुसरा कुत्रा आणला तर हा निवळेल का?

तिन्हींना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण नुसत्या ‘नाही’ने तुमची आजची संध्याकाळ सुधारणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो. गेली अठरा वर्षं कामाची कुत्री आणि त्यांच्यापायी मेटाकुटीला आलेली माणसं, हाच माझा व्यवसाय. माझ्या स्वतःच्या घरात गेरू नावाचा लाल हीलर तेरा वर्षं होता. खाली लिहितोय त्यातलं निम्मं तरी त्याच्यावर चुका करकरूनच शिकलोय.

आधी दातांचं बघू, कारण तिथे लहान मूल आहे.

टाच पकडणं हा तुमच्या कुत्र्याचा दुर्गुण नाही, ती त्याची नेमणूक आहे. १८४० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये थॉमस हॉल नावाच्या पशुपालकाने उत्तर इंग्लंडमधून आणलेल्या गुरं हाकणाऱ्या कुत्र्यांचा डिंगोशी, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याशी, संकर केला. गुरं अर्धवट रानटी, अंतरं अफाट, ऊन कडक. त्याला हवा होता असा कुत्रा, जो दिवसच्या दिवस कळपामागे चालेल, गुपचूप मागून येईल, जनावराच्या टाचेला चावेल आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटेल. तयारीचा हीलर जनावराचा भार ज्या पायावर आहे नेमका तोच पाय धरतो, कारण त्या पायाने लगेच लाथ झाडता येत नाही. रॉबर्ट कालेस्की या लेखकाने लिहिलेलं या जातीचं पहिलं प्रमाण, म्हणजे हा कुत्रा कसा असावा याचं वर्णन, १९०३ साली मान्य झालं, तोवर या एकाच गुणासाठी निवड होऊन साठेक वर्षं झाली होती.

आणि आता तुमची सहा वर्षांची मुलगी किंचाळत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळते. कुत्र्याच्या दृष्टीने फरक एवढाच, की चाराच्या जागी दोन पाय आहेत. चावल्यावर ती आणखी जोरात किंचाळते आणि आणखी जोरात पळते, म्हणजे त्याला कामाची पावतीच मिळते. त्यात तुम्ही मागून ‘नाही! नाही!’ ओरडत धावता. तुम्हीही हाकायला आलात असा त्याचा समज झाला, तर त्यात त्याची फारशी चूक नाही.

म्हणून पहिले दोन-तीन महिने शिकवण्यापेक्षा बंदोबस्त महत्त्वाचा. मुलांच्या खेळण्याच्या वेळी मध्ये फाटक हवं, लहान मुलांसाठी जिन्यावर लावतात तसलं बुटकं फाटक चालतं. तुमचं लक्ष असेल तेव्हा त्याच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, दोनेक मीटरची हलकी दोरी तशीच लोंबू द्या. तिला मुठीचा फास नको, कुठेतरी अडकतो. धावत सुटला तर ओरडण्याऐवजी दोरीवर पाय ठेवायचा. मोठं माणूस खोलीत नसेल तर कुत्रा आणि मुलं एका खोलीत नकोत, अगदी दार उघडायला जाण्यापुरतीसुद्धा. मुलांना ‘झाड’ व्हायला शिकवा: जिथे आहात तिथे उभं राहायचं, हात छातीशी, तोंड बंद, नजर स्वतःच्या पावलांवर. झाडाला हाकता येत नाही. मात्र हा खेळ कुत्रा नसताना खेळून पक्का करा. घाबरल्यावर पहिल्यांदा आठवेल अशी ही गोष्ट नाही.

शिकवण्याचा भाग सावकाश येऊ दे. कुत्रा तुमच्याजवळ दोरीवर, मूल सहा-सात मीटरवर. मूल दोन पावलं चालतं, तुम्ही कुत्र्याला खाऊ देता. मूल थांबतं, खाऊ थांबतो. पुन्हा दोन पावलं, पुन्हा खाऊ. तीन-चार दिवसांत मूल हललं की तो तुमच्याकडे बघायला लागेल. मग मूल भरभर चालेल, मग हळू धावेल, मग हसत धावेल. किंचाळणं सगळ्यात शेवटी. घाई केलीत तर कुत्र्यालाही कळतं आणि तो पहिल्या पायरीवर परत जातो. धाकटीच्या पोटरीवरची कातडी फुटली असेल तर मात्र जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवायला हवी होती. दाखवली नसेल तर आज दाखवा. आणि अशा वेळी समोरासमोर बघणारा अनुभवी माणूस गाठा, माझ्या लिहिण्यावर विसंबू नका.

आता दोन तासांचा हिशेब.

गेरू वर्षाचा असताना मीही हेच केलं. सकाळी तासभर चेंडू, संध्याकाळी तासभर चेंडू. पहिला महिना तो दमायचा. दुसऱ्या महिन्यात मी दमायला लागलो. तिसऱ्या महिन्यात तो रात्री अकराला चेंडू आणून माझ्या पावलावर ठेवायचा, मी हललो नाही की नाकाने ढकलायचा, आणि मग जमिनीला चिकटून त्या चेंडूकडे बघत राहायचा. पाणी प्यायलाही उठायचा नाही. एकदा मी चेंडू कपाटात टाकला, तर तो कपाटाच्या दाराकडे बघत दीड तास बसला. व्यायाम देतोय असं मी समजत होतो. प्रत्यक्षात मी खेळाडू घडवत होतो, तोही व्यसनी. पुढे पुढच्या पायाने लंगडायला लागला तेव्हा पशुवैद्याने माझी कानउघाडणी केली आणि चेंडू बंद झाला.

ज्याच्या पणज्या-खापरपणज्या दिवसभर गुरांमागे चालल्या, त्याला तुम्ही पळवून दमवणार नाही. उलट रोजच्या धावपळीने शरीर तयार होतं आणि मेंदू तापलेलाच राहतो. उत्तेजनाची रसायनं रक्तातून उतरायला वेळ लागतो. संध्याकाळी सातला तासभर पिसाटासारखा पळालेला कुत्रा आठला शांत झालेला नसतो, तो उतारावरून ब्रेकशिवाय येत असतो. घरात तुम्हाला जी ‘ऊर्जा’ दिसते, ती पुष्कळदा झोप न झालेल्या मुलाची किरकिर असते.

झोपेचं खरंच मोजून बघा. प्रौढ कुत्रा दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ झोपेत किंवा डुलक्यांत घालवतो, १२ ते १४ तास सहज. माझ्याकडे ‘हा वेडा झालाय’ म्हणून जे हीलर येतात, त्यांचा दिवस घरच्यांना तासागणिक लिहायला सांगितला की बहुतेक वेळा आठ-नऊ तासच निघतात. कारण हा कुत्रा पहाऱ्यावर असतो. कुणी उठलं, हा उठला. फ्रिज उघडला, हा हजर. न्हाणीघरापर्यंत सोबत. या जातीला ‘चिकटू’ म्हणतात ते कौतुकाने, पण सतत चिकटलेला कुत्रा सतत जागा असतो. दुपारी दोन-अडीच तास त्याला वेगळ्या, जरा अंधाऱ्या खोलीत किंवा पिंजऱ्यात चघळायला काहीतरी देऊन ठेवायचं. पिंजऱ्याची सवय आधी सावकाश लावा. कोंडलं आणि तो ओरडत राहिला, तर त्याला विश्रांती म्हणत नाहीत. खिडकीखालची जागा बंद करा. काचेला धुरकट कागद चिकटवा. रस्त्याकडे बघत बसणं हे त्याचं मन रमणं नाही, ती पहाऱ्याची पाळी आहे.

दोन तासांचं मग काय करायचं? मी त्याची अशी फोड करतो. तासभर लांब दोरीवर, आठ-दहा मीटरच्या, मोकळ्या जागी नुसतं हुंगत फिरणं. तो नेईल तिकडे, त्याच्या वेगाने. एका झुडपापाशी चार मिनिटं थांबला तर चार मिनिटं थांबायचं. (माझ्या ओळखीच्या बऱ्याच माणसांना याचा कंटाळा येतो, कुत्र्यांना येत नाही.) वाडग्यातला रोजचा निम्मा खुराक गवतात फेकून ‘वेच’. घरात खोक्यांत, टॉवेलच्या घड्यांत लपवून ‘शोध’. दहा मिनिटं काहीतरी नवं: मागे चालत जा, खुर्चीला वळसा घाल, नावाने खेळणं आण. हीलर हुशार आहे हे सगळे सांगतात. तो कंटाळला की स्वतःच काम शोधतो, आणि त्याने शोधलेलं काम तुम्हाला आवडत नाही, हे कमी लोक सांगतात. जमलं तर ट्राइबॉल बघा. जर्मनीत निघालेला खेळ आहे, त्यात कुत्रा मोठाले फुगीर चेंडू नाकाने ढकलत जाळ्यात आणतो. हाकायची हौस भागते आणि कुणाची टाच जात नाही.

आणि ओढाओढीचा खेळ. ‘दोरी ओढू दिली की कुत्रा चावरा होतो’ असं सांगणारे अजून भेटतात. माझा अनुभव उलटा आहे. दहा सेकंद जोरात ओढाओढी. मग दोरी माझ्या मांडीशी निर्जीव, मी पुतळा. तो सोडतो. मी काहीच बोलत नाही. तो बसतो, एक श्वास जातो, आणि ‘घे!’ पुन्हा दहा सेकंद. सात-आठ फेऱ्या, बस. यात तो तापतो आणि काही मिनिटांत सात-आठ वेळा स्वतःला थंड करतो. सायकल समोरून गेल्यावर त्याला नेमकं हेच करायचं असतं, फक्त इथे सराव बैठकीच्या खोलीत होतो.

याच्या जोडीला चटई. सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात फळणारा धडा हाच. एक जाड चटई, एरवी गुंडाळून ठेवलेली. ती पसरली की मी तिच्याशेजारी जमिनीवर बसतो. गेरू येतो, उभा राहतो, भुंकतो, पंजा देतो, लोळतो, सगळे येत असलेले खेळ करून दाखवतो. मी भिंतीकडे बघतो. शेवटी वैतागून आडवा होतो. खाऊ त्याच्या दोन पंजांच्या मधे, चटईवर, सावकाश ठेवायचा. तोंडात नाही आणि हवेतून नाही, नाहीतर तो पुन्हा स्प्रिंगसारखा उठतो. मग बारीक बघायचं. बसण्यात दोन प्रकार असतात. एकात मागचे दोन्ही पाय पोटाखाली दुमडलेले, सुटायच्या तयारीत. दुसऱ्यात कंबर एका बाजूला कलते आणि मागचे पाय एकाच बाजूला येतात. ती कंबर कलली की खाऊ. हनुवटी टेकली की खाऊ. नाकातून लांब श्वास सोडला की दोन खाऊ. ‘झोप’ म्हणून आज्ञा द्यायची नाही, कारण आज्ञेत असलेला कुत्रा पुढच्या आज्ञेची वाट बघत जागाच राहतो. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. मग हीच चटई अंगणात, मग फाटकाजवळ, मग मैदानाच्या दूरच्या कडेला.

आता रस्ता.

सायकल साठ पावलांवर आहे. कुत्र्याचं तोंड उघडं, जीभ बाहेर. मग तोंड मिटतं. बहुतेक माणसं भुंकण्याची वाट बघतात आणि मग वागायला लागतात, पण घडायचं ते तोंड मिटतं तेव्हाच घडून गेलेलं असतं. त्यापाठोपाठ कान पुढे, कपाळावर आठी, भार पुढच्या पंजांवर, शेपटी ताठ आणि थिजलेली. आता तुमच्या हातात फार तर दोन सेकंद. या दोन सेकंदांत खाऊ दिला तर तो कसा घेतो ते बघा. मऊ ओठांनी घेतला तर अंतर बरोबर आहे. बोटांसकट घेतला तर जवळ आलोय. घेतलाच नाही तर फार जवळ, वळा आणि चालते व्हा. तिथे काही शिकवता येत नाही. जो कुत्रा पट्ट्याच्या टोकाला दोन पायांवर उभा आहे, त्याला ‘बस’ म्हणणं हे भांडणाऱ्या माणसाला पाढे म्हणायला सांगण्यासारखं आहे.

तर अंतर हेच औषध, आणि ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त लागतं. तो सायकल बघेल पण तोंड मिटणार नाही, किंवा मिटून लगेच उघडेल, अशा जागी उभे राहा. साठ पावलं, शंभर पावलं, लागतील तेवढी. क्रम असा: आधी सायकल दिसते, एक आकडा मनात मोजायचा, मग खाऊ. सायकल दिसतेय तोवर खाऊ येत राहतो, गेली की बंद. हा क्रम उलटा झाला की सगळं फिसकटतं. तुम्ही आधीच सायकल पाहून खिशात हात घातलात, तर चार दिवसांत तुमचा हात खिशाकडे जाणं हीच त्याच्यासाठी धोक्याची घंटा होते. मी स्वतः गेरूला दीड महिना असं उलटं शिकवलं. खाऊच्या पिशवीचा आवाज झाला की हा क्षितिजाकडे डोळे वटारायचा.

क्रम बरोबर असेल तर दोन-तीन आठवड्यांत एक दिवस तो सायकल बघतो आणि स्वतःहून मान वळवून तुमच्याकडे बघतो: आली ती, काढा. तेव्हा कंजूसपणा करू नका. आणि तेव्हाच वीस पावलं पुढे जायचा मोहही आवरा. एका वेळी एकच गोष्ट कठीण करायची. अंतर कमी केलं तर वेग कमी ठेवा. खरं तर चालत्या सायकलीपासून सुरुवातच नको. उभी करून ठेवलेली सायकल, मग ती हातात धरून चालणारा ओळखीचा माणूस, मग सावकाश चालवणारा, मग आपल्यापासून दूर जाणारी, मग आडवी जाणारी. समोरून अंगावर येणारी सगळ्यात शेवटी. हीलरच्या डोक्यातली तार छेडते ती हालचाल. ती थोडी थोडी वाढवत न्यायची.

वळायला घरी शिकवा. ‘फिर’ म्हटलं की तुम्ही गर्रकन उलटे वळता, तो तुमच्यामागे येतो, गुडघ्यापाशी खाऊ मिळतो. बोळात, स्वयंपाकघरात, जिथे काहीही नाही तिथे दिवसातून वीस वेळा. समोर कुत्रा दिसल्यावरच ‘फिर’ म्हणाल, तर त्या शब्दाचा अर्थ ‘कुत्रा आला’ असा होईल.

दुसऱ्या कुत्र्यांबद्दल एक गोष्ट मला तुमच्या वर्णनातून कळलेली नाही आणि ती तुम्हालाच शोधावी लागेल: त्याला तिकडे जायचंय म्हणून तो भुंकतो, की ते इकडे येऊ नये म्हणून? मोकळ्या जागी ओळखीच्या कुत्र्यांशी नीट खेळणारा आणि फक्त पट्ट्यावर आगपाखड करणारा कुत्रा पुष्कळदा वैतागलेला असतो. शेपटी खाली, अंग मागे रेलून भुंकणारा घाबरलेला असतो. दोघांचा आवाज सारखाच लागतो. वैतागलेल्याला शांत राहिल्याचं बक्षीस म्हणून कधीमधी पुढे जायला मिळालं तरी चालतं. घाबरलेल्याला ओळख करून द्यायला पुढे नेलंत तर तुम्ही त्याचा विश्वास घालवता. दोघांनाही समोरासमोर सरळ रेषेत चालत जाणं जड जातं, म्हणून कमान घेऊन जा. पट्टा तीन मीटरचा घ्या, आखूड नको. ताणलेला पट्टा कुत्र्याला पुढे रेलायला लावतो, आणि समोरच्या कुत्र्याला ते रेलणं आव्हान वाटतं.

एवढं करूनही तो एखाद्या दिवशी फुटणार. ज्या दिवशी सकाळी दारावर अनोळखी माणूस आलं, दुपारी मुलांचा दंगा झाला, झोप मोडली, त्या संध्याकाळी घागर काठोकाठ असते आणि शंभर पावलांवरचं मांजरही पुरतं. अशा दिवशी फिरायला नेऊ नका. हे वाचून लोक दचकतात: हीलर, आणि फिरायला नेऊ नका? हो. मोठा स्फोट झाला तर पुढचे एक-दोन दिवस शी-शूपुरतं बाहेर, बाकी घरात शोध, चघळणं, चटई. कुत्रा वाया जात नाही.

काट्यांच्या पट्ट्याकडे येतो. तो चालतो का? वरवर चालतो. काटे मानेत रुतले की भुंकणं थांबतं, आणि सुचवणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याने तेच पाहिलेलं असतं. पण कुत्र्याच्या बाजूने बघा. सायकल दिसली आणि मान दुखली. लहान मूल दिसलं आणि मान दुखली. दुखण्याचा दोष तो पट्ट्याला देत नाही, समोर जे दिसतंय त्याला देतो. काही महिन्यांनी तुमच्याकडे गुरगुरत नाही, भुंकत नाही, कान पाडून गप्प उभा राहतो आणि मग एकदम चावतो असा कुत्रा असतो. मला असे कुत्रे येतात, आणि त्यांच्यावर काम करताना मला भीती वाटते. भुंकणाऱ्यावर करताना वाटत नाही. गुरगुरणारा कुत्रा बोलतोय, त्याचं तोंड बंद करू नका. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली, की सगळ्याच कुत्र्यांना, अंगावर जाणाऱ्यांनासुद्धा, बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीनेच शिकवावं. विजेचा पट्टा, गळफास पट्टा यांनाही हेच लागू.

त्या पैशात मुसकी घ्या. टोपलीसारखी, ज्यात त्याला तोंड पूर्ण उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल अशी. कापडी, तोंड आवळणारी नको. आधी मुसकीच्या आतून खाऊ चाटायला द्या, आठवडाभर नुसतं एवढंच. मग क्षणभर पट्टी लावून लगेच काढा. पाहुणे येतात तेव्हा, पशुवैद्याकडे, गर्दीच्या वाटेवर ती उपयोगी पडते, आणि तुमचे खांदे खाली येतात. शिवाय मुसकी घातलेल्या कुत्र्याला कुरवाळायला अनोळखी माणसं येत नाहीत, हा वेगळाच फायदा.

हे सगळं सुरू करण्याआधी पशुवैद्याकडे एक सविस्तर भेट ठरवा. लिहिताना शेवटी आलं, करताना पहिलं. कंबर, कोपर, दात, कान. दुखणारा कुत्रा लवकर चिडतो आणि ही जात दुखणं लपवण्यात पटाईत आहे. दुसरं, या जातीत जन्मजात बहिरेपण आढळतं. पिल्लं जन्मतः पांढरी असतात, रंग नंतर भरतो, आणि अंगावर पांढरा रंग आणणाऱ्या जनुकांशी या बहिरेपणाचा संबंध आहे. दोन्ही कान गेले असतील तर कळतं. एकच गेला असेल तर कुत्रा हाक ऐकतो, पण आवाज कुठून आला हे त्याला उमगत नाही, आणि मागून काहीही आलं की तो फुटतो. टाळ्या वाजवून हे कळत नाही, त्याला बेअर (BAER) चाचणी लागते, आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे तीत एकेका कानाचं मोजतात. डोळ्यांच्या पडद्याचा एक आनुवंशिक आजारही यांच्यात आहे, त्यात आधी अंधारात दिसेनासं होतं. तुमचा कुत्रा दिवेलागणीनंतर जास्त बिघडतो का, एवढं आठवून सांगा. आणि दोन-तीन महिने मनापासून करूनही तो खाऊ घेण्याइतका कधीच शांत होत नसेल, तर औषधांबद्दल विचारायला लाजू नका. फ्लुओक्सेटिनसारखी, चिंता कमी करणारी औषधं कुत्र्याला गुंगीत ठेवण्यासाठी नसतात, त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती पशुवैद्यानेच द्यायची.

किती दिवस लागतील? चौदा महिने म्हणजे ऐन पौगंडावस्था. मनाने हा दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत पक्का होणार नाही. एक वही ठेवा, पण तीत ‘आज चांगला, आज वाईट’ असं लिहू नका. दोन आकडे लिहा: किती पावलांवर तोंड मिटलं, आणि फुटल्यानंतर पुन्हा जमीन हुंगायला किती वेळ लागला. गेरूचा दुसरा आकडा पहिल्या महिन्यात चाळीस मिनिटं होता. आठव्या महिन्यात दीड मिनिट. तो सायकलींवर प्रेम करायला कधीच लागला नाही, आणि अनोळखी कुत्र्यांच्या घोळक्यात मी त्याला कधीच सोडलं नाही. ते सोडून बाकी सगळीकडे तो माझ्याबरोबर आला. घाई नाही तुम्हाला: ही कुत्री १२ ते १५ वर्षं जगतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातला ब्लूई नावाचा हीलर तर २९ वर्षं ५ महिने जगून १९३९ साली गेला, अशी गिनीजची नोंद आहे.

राहिला दुसरा कुत्रा. आणलात तर तो यालाच बघून शिकेल, आणि भुंकणं हे कुत्रे एकमेकांकडून फार पटकन उचलतात. शिवाय एका पिल्लाचा वेळ तुम्ही कुठून काढणार? चटई, लांब दोरी, वही, मुलांचा ‘झाड’ खेळ, यातच दिवस संपतो. आधी याला एकट्याला घेऊन मैदानाच्या कडेला, सायकली दिसतील अशा बाकावर अर्धा तास बसून बघा, चटई पायाशी पसरून. तीन-चार सायकली गेल्या, त्याने मान उचलून पाहिलं आणि हनुवटी परत टेकली, तर मला लिहा. मग दुसऱ्याचं बोलू.